मँचेस्टरची लाल माती

मिस डेलचा कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नव्हता. मासा घेताना ती कल्ला उघडून बघायची, वास घ्यायची आणि वर कोळ्यालाच विचारायची, "कालचाच ना रे हा?" स्वर्गाच्या दारातही ही बाई आधी कुलूप ओढून बघेल, असं बेटाच्या पश्चिमेकडच्या वेस्टमोरलंड परगण्यातले तिचे शेजारी म्हणत. तिचं तरी काय चुकत होतं? गरिबाला गंडवायला सगळेच टपलेले असतात.

तिची लेक केरियन चांगली तिशीची, पण फिट्सनी बेजार. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. मिस डेलनं परसात गांजा लावला, त्याचं तेल काढून थेंब थेंब दिलं, तेव्हा कुठे पोरगी माणसात आली. हे बघून गावच्या दवाखान्यानंही तेल मागितलं. त्यासाठी परवाना घ्यावा लागला आणि मागोमाग सरकारी तपासणी आली. त्यात माल नापास झाला. कॅडमियम नावाचा विषारी धातू फार निघाला म्हणे.

"धातू? मी काय तेलात खिळे तळते?" मिस डेल तपासनीस बाईवर, टमीशा बेंटवर, उसळली. "मोठ्या मळेवाल्यांनी नमुना बदलला. तू कुणाचं खातेस तेही कळतं मला!"

"मग तुम्हीच तोडा, मिस डेल. सीलही तुमचंच लावा."

मिस डेलनं प्रत्येक झाडाची फुलं स्वतः तोडली, दोन बरण्या भरल्या आणि झाकणांवर मेण ओतून अंगठा दाबला. बरण्या दोन वेगळ्या प्रयोगशाळांत गेल्या. तोवर हट्टानं लेकीला थेंब चालूच ठेवले.

दोन्हीकडून तेच उत्तर आलं.

टमीशानं पाणी, खत, भांडी, सगळं तपासलं. मग तिनं विचारलं, "माती कुठली?"

"दुकानातली नव्हे! त्यात काय कालवतात देव जाणे." मिस डेल ताठ झाली. "माहेरची आहे, आपल्याच बेटावरच्या मँचेस्टर परगण्यातली. माझी नि केरियनची नाळ पुरलीय ना, त्या निरफणसाच्या झाडाखालची. दर वर्षी पोती भरून आणते."

टमीशानं चिमूटभर माती तळहातावर घेतली. "तिकडच्या लाल मातीत हा धातू मुळातच असतो, मिस डेल. कुणी घातलेला नाही. झाड तो ओढून घेतं. माणसाच्या मूत्रपिंडात साठत जातो. केरियनचं रक्त तपासायला हवं."

मिस डेलनं शिव्या घालायला माणूस शोधला. कुणीच सापडेना. मग तिला भीती वाटली आणि तिनं केरियनची तेलाची बाटली मोरीत रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून तपासलेल्या तेलाची बाटली आली. मिस डेलनं ती हुंगली, उजेडात धरली, सील दोनदा बघितलं. केरियननं नेहमीसारखे डोळे मिटून तोंड उघडलं.

"मीट ते तोंड!" मिस डेल खेकसली. "आधी विचार, काय आहे, कुठून आणलं."

"अगं मम्मा, तूच देतेयस ना?"

"म्हणूनच विचार."