बारा मिलिमीटर कमी

आमच्याकडे विमानाचे पंख नवरा करायचा आणि शेपटी मी. रिमोटवर उडणारी मॉडेल विमानं. शेपटीच्या आडव्या पट्टीमागे बिजागरीवर हलणारी एक पातळ फळी असते, एलेव्हेटर. ती वर वळली की विमानाचं नाक वर जातं, खाली वळली की खाली. तिची रुंदी आकडेमोड करून ठरवावी लागते. त्याला त्याचा कंटाळा, मला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. एडिनबरातल्या हॉस्पिटलमध्ये तो भूल देणारा डॉक्टर. रोगाचं नाव त्यानेच आधी सांगितलं आणि नोकरी सोडली. उरलं फक्त रविवारचं विमान. पण अंगठा थरथरला की विमानाचं नाक डुगडुगायचं, आणि मॉडेल विमानांच्या क्लबातली माणसं आकाशाऐवजी त्याच्याकडे बघायची.

म्हणून नव्या विमानाचा एलेव्हेटर मी बारा मिलिमीटर अरुंद कापला. फळी लहान, तर थरथरीचा परिणामही लहान. रिमोटच्या सेटिंगमध्येही हे जमलं असतं, पण ते त्याला स्क्रीनवर दिसलं असतं.

विमान छान स्थिर उडालं.

"आज हात बरा आहे," तो म्हणाला.

"हं."

उतरताना वेग कमी होतो, तेव्हा नाक उचलायला मोठी फळी लागते. हे मला माहीत होतं. सहा मिलिमीटरवर थांबायला हवं होतं. त्याने स्टिक पूर्ण मागे ओढली, नाक उचललं नाही, आणि विमान ओल्या गवतात रुतलं.

त्याने शेपटीवर अंगठा ठेवून माप घेतलं.

"किती कापलंस?"

"बारा."

"पेशंटला न सांगता डोस बदलत नाहीत गं."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"नाही. आता पूर्ण मापाचा कर."

केला. दोन रविवारांनी त्याने विमान पुन्हा उडवलं. ते सगळा वेळ डुगडुगत होतं आणि सगळ्यांनी ते पाहिलं. उतरवलं मात्र नीट, दोन्ही चाकांवर. मग रिमोटचा पट्टा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला.

"झालं," म्हणाला. "हे आता क्लबला देऊन टाक."

मी पंख सोडवले, शेपटी पुसली आणि विमान क्लबच्या शेडमध्ये ठेवून आले. तो गाडीत बसून होता.