निळी बाटली, पिवळी बाटली

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला लग्नात कोणी सुखानं जेवू देत नाही. पंगत बसली की "सांगा हो एखादा किस्सा!" सुरू. लॅबमध्ये तर मागचा किस्सा शिळा व्हायच्या आत पुढचा घडायचा. लोक हसतात, मीही हसतो. शेवटचा मात्र मी पंगतीत कधी सांगत नाही.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मोताळ्याकडच्या एका छोट्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. छापील फॉर्मवर अजून 'मुंबई राज्य' होतं. ते खोडून वर हातानं 'महाराष्ट्र' लिहायचं. माझी इस्टेट म्हणजे सीरमच्या दोन बाटल्या, एक निळी, एक पिवळी. रक्ताचा एकेक थेंब दोन्हींत मिसळून पाहायचा. निळ्यात रक्त दुधासारखं फाटलं तर ग्रुप ए, पिवळ्यात फाटलं तर बी. दोन्हींत फाटलं तर एबी, कशातच नाही तर ओ. पण सीरम थंडीत ठेवलं तरच जगतं, आणि आमच्याकडे थंडी संक्रांतीनंतर टिकत नाही!

आमचा शिपाई नामदेवभाऊ रोज सकाळी एकच विचारायचा, "साहेब, बाटल्या जित्या हायेत ना?"

त्याला कारण होतं. त्याची एकुलती लेक सुमित्रा पहिल्या बाळंतपणात रक्त जाऊन पांढरीफटक पडली होती. दुसरं चैत्रात होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या वेळी रक्त द्यावंच लागेल. ग्रुप पाहायची सोय तयार ठेवा."

* * *

सीरमचं पहिलं पार्सल मुंबईहून बर्फात निघालं. मोटार स्टँडवर पोचलं तेव्हा बर्फ वितळून खोकं ओलंगच्च. तिथला कारकून सज्जन माणूस. त्यानं दोन दिवस खोकं टपरीच्या पत्र्यावर ठेवलं आणि मग स्वतः आणून दिलं.

"ओलं झालतं पुरं," तो अभिमानानं म्हणाला, "मी चांगलं वाळवून आणलं!"

मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

* * *

दुसरं पार्सल धड आलं. तेव्हा गावात वीज नव्हती, आमचा फ्रिज रॉकेलवर चालायचा. खाली वात पेटवायची आणि वर गारवा व्हायचा. तरी पंधरा दिवसांत सीरम मेलं. फ्रिज नवा, रॉकेल भरपूर, मला काही कळेना.

एका दुपारी मी अवचित आत गेलो, तर नामदेवभाऊ फुंकर मारून वात विझवत होता.

"अरे, हे काय करून राह्यला?"

"साहेब, एवढ्या उन्हात खाली आग लावली तं वर थंड कसं राहीन? मी रोज दुपारी इझवतो अन् ऊन उतरलं का लावतो."

त्याच्या लेकीसाठी तो हे करत होता! डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मीही हसलो. नामदेवभाऊनं कान पकडले. तेव्हापासून तो दुपारी वातीसमोर राखण करत बसायचा.

* * *

पण ते सीरम मेलंय हे कळलं कसं, तो वेगळाच किस्सा. रोहिणखेडचे एक मास्तर बारा धडधाकट माणसं घेऊन आले. वेळ पडली तर रक्त देणारे म्हणून आमच्या वहीत नावं लिहायची होती. मी एकेकाचा ग्रुप पाहिला. बाराही जण ओ!

त्यात एक पाटील होते आणि त्यांचा सालदारही होता. पाटील खवळले. "माहं अन् माह्या सालदाराचं रक्त एकच? पुन्हा पाहा!"

पुन्हा पाहिलं. तरीही ओ. सालदार खाली मान घालून हसत होता. मास्तर म्हणाले, "गावाची एकी म्हनतात ते हेच!"

मला शंका आली. नागपूरला शिकताना माझा ग्रुप पाहिलेला होता, ए. मी माझंच बोट टोचलं. मीही ओ! पाटलांना निरोप पाठवला, पण त्यांनी तोपर्यंत सालदाराशी बोलणं सोडलं होतं.

* * *

तिसऱ्या बाटल्या फाल्गुनाअखेर येणार होत्या. वाट पाहता पाहता नामदेवभाऊनं एकदा विचारलं, "साहेब, हे सीरम बनते कायचं?"

"माणसाच्या रक्तापासून," मी म्हणालो.

"मंग इथं एवढे मानसं हाओत आपन. आपल्या आंगात काऊन नसन ते?"

डॉक्टर म्हणाले, "नामदेव, तू आपली वात सांभाळ!" पुन्हा हशा. आगीचा किस्सा ताजा होता, त्याच्या डोक्याचा भरवसा कोण धरणार?

* * *

सुमित्रा तीन आठवडे आधीच आली. होळीनंतरचा चौथा दिवस, भर दुपार. मुलगा झाला, रडला. आणि तिचं रक्त थांबेना.

व्हरांड्यात बाह्या वर करून नऊ माणसं उभी राहिली. नामदेवभाऊ सगळ्यांत पुढे. मी मेलेल्या सीरमवर एकेकाचा थेंब टाकत गेलो. ओ. ओ. ओ. सुमित्राही ओ.

डॉक्टर म्हणाले, "कोणाचं देऊ? चुकीचं दिलं तर मीच मारीन हिला."

तिला न्यायला बुलढाण्याहून बोलावलेली जीप येईपर्यंत ती गेली. ती नऊ माणसं बाह्या खाली करायचंही विसरली होती. मी खूप रडलो. नामदेवभाऊ नाही रडला.

* * *

महिन्यानं नागपूरचे एक म्हातारे डॉक्टर तपासणीला आले. मी बाटल्यांची सारी रडकथा सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचा ग्रुप कोणता?"

"ए."

"आणि डॉक्टरांचा?"

"बी."

त्यांनी माझ्याच दंडातून रक्त काढलं आणि नळी टेबलावर ठेवून दिली. तासाभरानं रक्त खाली थिजलं, वर पिवळसर पाणी उरलं. त्याचा एक थेंब त्यांनी काचेवर घेतला आणि त्यात आमच्या डॉक्टरांच्या रक्ताचा थेंब कालवला.

दुधासारखं फाटलं!

"ही तुमची पिवळी बाटली," ते म्हणाले. "निळी डॉक्टरांच्या अंगात आहे. शिकवलं नव्हतं का?"

शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

नामदेवभाऊ चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. तो काचेकडे पाहत राहिला. फाटलेलं रक्त ओळखायला तो शिकला होता.

"साहेब, हे त्या दिवशीबी होतं का तुमच्या आंगात?"

मी होकारार्थी मान डोलावली.

त्यानं ट्रे टेबलावर ठेवला. कोणी कपाला हात लावेना, तेव्हा कपांवर बशा झाकल्या. "थंडा होईन," म्हणाला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचा एक वाजला होता. तो आत गेला आणि वातीसमोर राखण करत बसला.