धुळ्यात कामगार मिळत नाहीत

धुळ्यात कुशल कामगार मिळत नाहीत, हे वाक्य मी लिहिलं. कुणी लिहायला लावलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. जळगावात कारखाने वाढतात, आपल्याकडे का नाही, याची टिपणी दरवर्षी वर पाठवावी लागे. वीज पुरत नाही असं लिहिलं की वीजवाल्यांचं खरमरीत पत्र येई. रेल्वेचा फाटा चाळीसगावहून येऊन इथेच संपतो असं लिहिलं, तर साहेब म्हणत, "ते आपल्या हातात आहे का?" कामगारांना दोष दिला की कुणाचंच पत्र येत नसे. म्हणून मी तो देत गेलो.

आमच्या गल्लीत बंद पडलेल्या कापड गिरणीतले एक जॉबर राहत. माग जोडणं, बिघडला तर दुरुस्त करणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना आबा म्हणत. ते ओट्यावर रिकामे बसलेले असत आणि मी त्यांच्यासमोरून रोज कचेरीत जाई.

त्याच सुमारास मागावर प्लास्टिकच्या चटया विणायचा कारखाना काढायला एक मारवाडी शेठ धुळ्यात जागा बघायला आले. त्यांनी आमच्या कचेरीत माझी टिपणी वाचली, चहा घेतला आणि जळगावला गेले.

काही वर्षांनी कामानिमित्त मी त्यांच्या कारखान्यात गेलो. मागाखालून तेलाचे हात पुसत आबा बाहेर आले.

"हे आमचे जॉबर, धुळ्याचे," शेठ म्हणाले. "यांच्याशिवाय एक माग हलत नाही. आणि तुमचा कागद म्हणतो, तिथं माणूसच मिळत नाही."

शेठ हसले. आबा हसले नाहीत. "आसं कोनी लिखं रे भाऊ? माले इचारं व्हतं का कोनी?"

"जुना कागद आहे, आबा," एवढंच मी बोललो.

आबा कारखान्यामागच्या खोलीत राहत, सुटीला घरी येत. त्यांची धाकटी मुलगी पाहुण्याला द्यावा तसा त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून आत निघून जाई.

जळगाव का वाढलं, हे मला ठाऊक आहे. मुंबईची आणि सुरतेची रेल्वे तिथे मिळते. सावद्याकडच्या केळीत कमावलेला पैसा तिथल्या नव्या धंद्यांत उतरला. एक कारखाना चालला की शेजारी दुसरा उभा राहतो. तिथल्या माणसाचे हात वेगळ्या मातीचे नाहीत. आजही कुणी "धुळ्याचे लोकच आळशी" म्हणालं की मी भर लग्नात भांडतो. भांडत राहणार.

शेठच्या कारखान्यातून परतलो, त्या वर्षीच्या टिपणीतून मी ते वाक्य काढलं. साहेब म्हणाले, "दरवर्षीचं आहे, राहू द्या."

"खोटं आहे. ठेवायचं तर तुमच्या हातानं लिहा."

त्यांनी लिहिलं नाही.

मग सुटीच्या दिवशी मी आबांच्या ओट्यावर गेलो. ते दाढी करत होते. उभ्याउभ्याच म्हणालो, "आबा, तो कागद मीच लिहिला होता. तुम्ही रोज समोर दिसत होतात, तरी विचारलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."