कावीळ : निरंक

आंबिवली स्टेशनपासून वीसेक मिनिटांवर टेकडीच्या अंगाला एक चाळ आहे. एकोणीस खोल्या. माझ्या भागातली सगळ्यात वरची. मी आशा सेविका, म्हणजे दर महिन्याला घरोघर जाऊन विचारायचं: कुणाला ताप आहे का, जुलाब, कावीळ, घरात गरोदर बाई आहे का. उत्तरं वहीत लिहायची, मग मोबाइलमध्ये भरायची. काही नसेल तर ‘निरंक’.

त्या मे महिन्याच्या सुरुवातीला मी वरच्या चाळीत गेले नाही. ऊन होतं, टाच दुखत होती, ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा दिली. खरं म्हणजे कंटाळा आलेला. चाळीत एकच गरोदर सून होती, सहावा महिना संपत आलेला, आणि ती आदल्याच आठवड्यात स्वतः खाली तपासणीला येऊन गेलेली. मी घरी पंख्याखाली बसले, एप्रिलचं पान समोर ठेवलं आणि मेच्या पानावर उतरवून काढलं. एकोणीस घरं. ताप निरंक. जुलाब निरंक. कावीळ निरंक. चहा निवायच्या आत काम झालं.

महिन्याभराने, जूनचं सर्वेक्षण सुरू व्हायच्या आधी, त्या सुनेची सासू सकाळी माझ्या दारात आली. साताऱ्याकडची बाई, मोजकं बोलणारी.

“ताई, सुनेचे डोळे पिवळे दिसतात. दोन दिवस अन्न पोटात ठरत नाही. बघता का जरा?”

मी तशीच वर गेले. सून भिंतीला टेकून बसलेली. मला बघून हसली, आणि ते हसणं सोडलं तर तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही उरलं नव्हतं. आम्ही तिला रिक्षाने कल्याणला नेलं. तिथून ठाण्याला न्यायला सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स खोपटच्या डेपोपाशी एसट्यांच्या मागे अडकली तेव्हा ती मला दुसरंच नाव घेऊन हाक मारायला लागली. सासू तिचे पाय चोळत होती. मी घड्याळ बघत होते.

वॉर्डातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. “ही पाण्यातून येणारी कावीळ वाटते. गरोदर बाईला फार वाईट. ते पाणी पोटात जाऊन महिना तरी झाला असेल. तुमच्या भागात अजून पेशंट असणारच. मागच्या सर्वेक्षणात काय होतं?”

“काही नव्हतं,” मी म्हटलं.

“कुणीच नाही?”

“नाही.”

“परत जाऊन नीट बघा. कुठलं घर, कधीपासून, पाणी कुठल्या नळाचं. ते कळलं तर बाकीचे तरी वाचतील.”

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून वरच्या चाळीत होते. पलीकडच्या टोकाच्या पहिल्याच खोलीत खुंटीवर काविळीची माळ दिसली. उतरवून देणाऱ्याकडून आणलेली, वनस्पतीच्या काड्यांची. तिसऱ्या खोलीत तशीच. पुढे एका घरात दोन. कुणी दवाखान्यात गेलं नव्हतं. “माळेने उतरते की,” असं एक बाई मला समजावून सांगत होती, आणि तिच्या मांडीवरची मुलगी डोळ्यांच्या कडांपर्यंत पिवळी होती.

मी कागदावर चाळ काढली. जिथे आजारी माणूस, तिथे फुली आणि पहिल्या दिवसाची तारीख. दुपारपर्यंत नऊ फुल्या झाल्या आणि सगळ्या चाळीच्या मधल्या सामाईक संडासाच्या पलीकडच्या बाजूला पडल्या. अलीकडे एकही नाही. त्या बाजूच्या नळाचा पाइप गटारातून जातो. पाणी दिवसाआड येतं. बायका म्हणाल्या, पहिली बादली गढूळ येते, ती आम्ही भांड्यांना घेतो, दुसरी प्यायला.

मग मी तारखा बघितल्या. चौथ्या खोलीतला भाजीवाला सगळ्यात आधी आजारी पडलेला. मी घरी बसून त्या चाळीचं पान लिहिलं त्याच्या चार दिवस आधी. म्हणजे मी गेले असते तर तो मला पिवळाच दिसला असता, दारात, खाटेवर. एवढं कळल्यावर मी पायरीवर बसले. कुणीतरी पाणी आणून दिलं आणि मी ते हातात धरून राहिले.

कागद घेऊन मी आरोग्य केंद्रात सिस्टरांकडे गेले. त्यांनी माझी वही घेतली, मेचं पान बघितलं, कागद बघितला.

“गेली नव्हतीस ना?”

“नाही.”

त्यांनी वही मिटली. “अगं, आता हे कुणाला बोलू नकोस. नकाशा मी आजच पुढे पाठवते. पाइप उघडायला लावू. ते महत्त्वाचं.”

मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. त्या फोन लावायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी खोदलं. गटाराच्या तळाशी पाइपचा जोड सुटलेला होता. नळाला पाणी नसायचं तेव्हा गटारातलं पाणी आत ओढलं जायचं. पाइप बदलला, टँकर आला, मी घराघरात क्लोरीनच्या गोळ्या दिल्या. महिनाभरात नव्या केसेस थांबल्या. केंद्रातल्या बैठकीत माझा कागद सगळ्यांना दाखवला. घरची माहिती नीट घेतली तर काय होऊ शकतं, म्हणून. टाळ्या वाजल्या. मी खाली बघत बसले.

सुनेचं बाळ पाइप खोदला त्याच दिवशी पोटातच गेलेलं. मुलगी होती. सून स्वतः त्यानंतर दोन दिवस बेशुद्ध राहिली आणि गेली.

दिवसकार्य झाल्यावर सासू चार बायकांसमोर म्हणाली, “ताईंनी धावपळ केली म्हणून बाकीची पोरं वाचली.” ते ऐकून मी घरी आले आणि दोन दिवस जेवू शकले नाही. तिसऱ्या दिवशी परत वर गेले. ती उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. पंखा, एप्रिलचं पान, भाजीवाल्याची तारीख.

तिचा हात सुपात तसाच थांबला.

“तेव्हा आली असतीस तर काय केलं असतंस?” आजपर्यंत ती मला अहो-जाहो करायची.

“पाणी उकळून प्या म्हटलं असतं. खाली कळवलं असतं.”

“ती प्यायली असती उकळून,” ती म्हणाली. “तुझं ऐकायची ती. रक्तवाढीच्या गोळ्या कडू लागतात म्हणून मी फेकायला सांगायचे, तर म्हणायची, नाही, ताईंनी सांगितलंय.”

तिने मला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. तांदूळ निवडून झाल्यावर ती आत गेली.

मी काम सोडलं नाही. सोडायचा विचार केला, पण मग त्या चाळीत कोण जाईल, हे कळेना. आता दर महिन्याला मी प्रत्येक खोलीत जाते, दार बंद असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिच्या दारात मी प्रश्न विचारते, ती उत्तरं देते. तिला वाचता येत नाही. लिहून झालं की म्हणते, “काय लिहिलंस ते वाच.” मी वाचते, घरातली माणसं किती, आजारी कोण, पाणी कसं येतंय. एखादा शब्द घाईत गेला तर ती परत वाचायला लावते. ऐकून झालं की मान हलवून दार लोटते. मग मी पुढच्या खोलीचं दार वाजवते.