दत्तोबांच्या सॅक्सोफोनचं वाण

वाती वळायच्या निम्म्या राहिल्या, कारण वरच्या खोलीतले दत्तोबा दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. हातात मुंबईहून आलेलं पत्र होतं.

"वहिनी, संक्रांतीला वाटलेल्यांतली एखादी कॅसेट उरली असेल का?"

दत्तोबा रेल्वेत बुकिंग क्लार्क. दिवसभर काचीगुडा स्टेशनची तिकिटखिडकी, संध्याकाळी सॅक्सोफोन. लग्न केलं नाही. बारा वर्षं आमच्या डोक्यावर राहतात, पण त्यांचे तीन वाजवणारे दोस्त सोडले तर त्यांच्याकडे पाहुणा आलेला मी पाहिला नाही. एक पियानोवाला, एक ड्रमवाला, एक गिटारवाला. चौघांनी मिळून ब्याण्णव साली सिकंदराबादच्या एका स्टुडिओत कॅसेट भरली, 'रिटर्न तिकीट'. सगळं जॅझ, शब्द एक नाही.

इंग्रजी पेपरात सहा ओळी आल्या. माझ्या शर्वरीनं वाचून सांगितलं, "आई, लिहिलंय की सॅक्सोफोन कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखा वाजतो. बाकी रिव्ह्यू सो-सोच." दत्तोबांनी तेवढंच कात्रण पाकिटात जपलं. घरोघर नुकती केबल आली होती, दुकानांत नुसती नाचाची गाणी. दुकानदारानं खोकं परत केलं. "साब, इसमें गाना किधर है?" मग पियानोवाला मुलाकडे कॅनडाला गेला, गिटारवाला आखातात, ड्रमवाला वारला. वरचा सॅक्सोफोनही हळूहळू बंद झाला.

यंदा संक्रांतीला वाण काय लुटावं ते मला सुचेना. बेगम बाजारातून दरवर्षी गाळण्या आणून कंटाळले होते. मीच म्हटलं, "दत्तोबा, त्या खोक्यातल्या कॅसेट द्या. पन्नास घरांत वाजतील."

"हौ वहिनी, पन्नास घरं म्हणजे हॉलच भरला की!" त्यांनी स्वतः एकेक फडक्यानं पुसून दिली. एखादी ठेवा म्हटलं, तर हसून म्हणाले, "मला कशाला? मला पाठ आहे."

आता मुंबईच्या एका रेडिओवाल्यानं लिहिलं होतं की पूर्ण कॅसेट कार्यक्रमात वाजवायची आहे, चांगली प्रत पाठवा. स्टुडिओ केव्हाच बंद पडला, मूळ टेपचा पत्ता नाही.

मी लगेच आमची कॅसेट लावली. मठातलं भजन सुरू झालं. चैत्रात मीच भरलं होतं. विकतच्या कॅसेटवर काही भरता येऊ नये म्हणून वरच्या कडेला दोन खाचा असतात. त्यांत कागदाचे बोळे कोंबले की भरता येतं. हळदीकुंकवाच्या बायकांना ही युक्ती मीच हौसेनं दाखवली होती.

दत्तोबांनी उभ्यानं थोडं भजन ऐकलं. "पेटी सुरात आहे, वहिनी," म्हणाले आणि वर गेले.

चार दिवस घरोघर हिंडले. इंदुताई म्हणाल्या, "ते पाँपाँ होय? अहो, त्यावर नातवाचं बोबडं बोलणं भरलंय. ऐकता का? गोड आलंय!" चारुलताकडे मंगळागौरीची गाणी. कुणाकडे पाढे. एकीकडे सुरुवातीला अर्धा मिनिट सॅक्सोफोन वाजला, माझ्या जीवात जीव आला, आणि मग तिच्या नवऱ्याचं भाषण लागलं.

दत्तोबा विचारत नाहीत. संध्याकाळी कामावरून येताना आमच्या दाराशी त्यांचं पाऊल थांबतं. ते पाऊल मग जिना चढतं. देवापुढे हात जोडते तर तेच भजन आठवतं आणि मागणं तोंडातून निघत नाही.

एकच घर राहिलंय. भामा पूर्वी आमच्या गल्लीत होती, आता मलकपेठला गेली. तिच्या घरी टेपरेकॉर्डर नाही. वाण हातात पडलं तेव्हा ती म्हणालीसुद्धा, "मी काय कानाला लावून ऐकू?" आणि सगळ्या हसल्या होत्या.

उद्या पूजा आटोपली की मलकपेठला भामाकडे जायचं आहे.