नुरानची ताटली

गलीमा आंटी म्हणजे केपटाउनच्या आमच्या गल्लीतली सगळ्यात हट्टी बाई. नुरानला तिने तान्ही असताना घरी आणलं. जन्मदाती शिहाम पोटुशी असतानाही टिक नावाची नशा ओढायची. डॉक्टर म्हणाले, पोरीचं लक्ष ठरणार नाही, एका वेळी एकच गोष्ट सांगा. गल्ली तिला वेडी म्हणे. "वेडे तुमचे बाप!" आंटी फणकारायची.

रमजानात सूर्यास्ताआधी आमची पोरं शेजारी खाण्याच्या ताटल्या पोचवतात. शेजारी ताटली रिकामी परत धाडत नाहीत. यंदा आंटीने नुरानच्याही हाती सामोसे दिले. "भरलेली ताटली शेजारच्या घरी द्यायची. कळलं?"

बांग झाली तरी पोर परतली नाही. आंटी रोजा सोडायचा खजूर तसाच हातात घेऊन माझ्या दारात आली. आम्ही शोधायला निघालो.

"आली होती की! मी भजी भरून दिली," शेजारीण म्हणाली.

"भजी मिळाली, आम्ही गोड घातलं," त्यापुढचे म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताटली भरली की ती पुढचं घर गाठत होती. सांगितलं होतं तसंच.

गल्लीपुढे मैदान, आणि तिथे दुपारपासून टोळ्यांचा गोळीबार. मी गल्लीच्या टोकालाच थांबले.

"तू थांब हवं तर!" आंटी ओरडली आणि पळत सुटली. कुठेतरी गोळी सुटली. तिला शिव्या घालत मीही मागोमाग धावले.

मैदानापलीकडच्या पत्र्याच्या खोलीसमोर नुरान रिकामी ताटली धरून उभी होती. दारात हाडं निघालेली शिहाम.

"भूक होती आंटी, सगळं खाल्लं," शिहाम रडत म्हणाली. "घरात काहीच नाही. रिकामी कशी देऊ?"

इतक्या वर्षांच्या शिव्या आंटीच्या ओठांवर आलेल्या मला दिसल्या. तिने हातातला खजूर शिहामला दिला. "हा ताटलीत घाल. आणि सांग तिला, गलीमाच्या घरी द्यायचा."

नुरान थेट घरी गेली. आंटीने उंबऱ्यावर बसून त्याच खजुराने रोजा सोडला आणि मोठ्याने रडली.

नुरान हलेना. ताटली पुढेच.

"भर ना," ती म्हणाली. "तिला भूक आहे."

आंटीने डोळे पुसले आणि पातेल्यातला भात काढला. या वेळी आम्ही तिघी निघालो.