कुंडीपुरता हिवाळा

मुंबईच्या हवामानाशी वैयक्तिक वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो अंधेरीला आमच्याच मजल्यावर राहत होता. शेजारचे काका. उकडतंय म्हणून बाकीचे कुरकुर करायचे, काका संतापायचे. डिसेंबरात सकाळी जरा गारवा पडला की गॅलरीत उभे राहून "ह्याला थंडी म्हणायची? लाज नाही वाटत?" असं आभाळाला विचारायचे. ह्या वैराच्या मुळाशी एक कुंडी होती आणि कुंडीच्या मुळाशी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन ती युरोपातल्या कुठल्याशा डोंगरगावात गेली होती. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा घरामागच्या उतारावर आपोआप उगवणाऱ्या निळ्या रानटी कॉर्नफ्लॉवरचं बी घेऊन आली, आणि परत निघताना बापाचे डोळे भरलेले बघून म्हणाली, "बाबा, रडू नका ना. ह्याला फूल आलं की मी बघायला येते." समजूत काढताना माणूस काहीही बोलतो, तशी ती बोलली. काकांनी ते शब्दशः धरलं.

बियांना आधी हिवाळा दाखवावा लागतो, असं कळल्याबरोबर त्यांनी ओल्या फडक्यात बी गुंडाळून फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात ठेवलं. लोणी आठवडेच्या आठवडे आमच्या फ्रिजमध्ये राहायला आलं. रोप निघालं तेव्हा आमच्या दूधवाल्या भैयांनी कौतुकाने आरे कॉलनीतलं शेणखत आणून दिलं. काकांनी ते जिन्यातूनच परत पाठवलं. "खत घातलं की नुसती पानं माजतात. ह्याला थोडं उपाशीच ठेवायचं असतं. माती रेताड हवी, पाणी थांबता कामा नये." मे महिन्यात घरातला एकमेव टेबलफॅन कुंडीसमोर लागला आणि काकू वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या. "पुढच्या जन्मी ह्यांच्या कुंडीतच उगवते," त्या म्हणायच्या. मी एकदा सुचवलं, की नर्सरीत बागेतलं कॉर्नफ्लॉवर मिळतं, ऑक्टोबरात पेरलं तर मुंबईतही फुलतं, ते लावा. काका दुखावले. "ते एका हंगामाचं. फुललं की मेलं. हे वर्षानुवर्षं राहणारं आहे. आणि पोरीला फसवू होय मी?"

मुळांना गारवा द्यायचा तर बर्फ हवा, आणि बर्फ मिळणार मासळी बाजारात. जन्मात कधी तिकडे न फिरकलेले काका रोज संध्याकाळी नाकाला रुमाल लावून डबा घेऊन तिथे जाऊ लागले. पाटीतला उरलेला बर्फ ते कुंडीभोवती रचायचे. त्यात मासळीचा वास मुरलेला असतो, हे त्यांच्या शाकाहारी डोक्यात आलंच नाही. मांजरांच्या मात्र आलं. आठवड्याभरात सगळ्या वसाहतीची मांजरं त्यांच्या गॅलरीत मुक्कामाला आली आणि काका हातात छत्री घेऊन पहाऱ्याला बसले. हे कळल्यावर बाजारातली कोळीण पोट धरून हसली. "काय ओ काका, फुलाला बरफ कनाला?" काकांनी खरं कारण सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती बर्फाची लादी फोडली की पहिला तुकडा बाजूला ठेवून द्यायची. "ह्यो कोरा हाय. मावऱ्याला लागलेला नाय. न्या पोरीच्या फुलाला."

मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे होता, त्यामुळे मुलीचा फोन आमच्याच घरात यायचा. काका धावत यायचे आणि सगळा वेळ उतारावर ऊन किती येतं, बर्फ कधी वितळतो, हेच विचारत बसायचे. कधी येतेस, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्या प्रश्नाची जबाबदारी त्यांनी झाडावर टाकली होती. झाड मात्र वर्षामागून वर्षं नुसती राखाडी-हिरवी पानं काढायचं.

आणि एका फेब्रुवारीत, काकूंनीही आशा सोडलेली असताना, त्याला कळी आली. काळसर खवल्यांची, एकच. उमलली तेव्हा कडेच्या निळ्या पाकळ्या लांब, बारीक आणि विरळ होत्या, मधे जांभळट. काका तडक आमच्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट घालून. ह्या खेपेला फोन त्यांनी लावायला सांगितला. ट्रंककॉल लागेपर्यंत ते खुर्चीच्या कडेवर बसून होते. पलीकडे मुलांचा गोंधळ चालला होता.

"अगं, फूल आलं!"

"कुठलं फूल, बाबा?"

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग ते म्हणाले, "गॅलरीत गं. आलंय असंच एक. तुमच्याकडे थंडी कशी आहे? पोरांना पायमोजे घालत जा हो."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. "लाइन फार खराब होती," म्हणाले. "तिला नीट ऐकूच गेलं नाही."

लाइन इतकी स्वच्छ होती, की पलीकडचा शब्द न् शब्द मला दारात ऐकू आला होता.

"हो ना काका," मी म्हटलं, "हल्ली लाइनी फारच खराब असतात."

त्यांनी मान हलवली, शर्ट खाली ओढून नीट केला आणि उठले. "चल," म्हणाले, "तू तरी बघ."